फ्लॉपी काढली, यंत्रणा ठेवली: अण्वस्त्र संदेशवहनातल्या एका बदलाचे प्रकरण

हे प्रकरण अमेरिकेच्या हवाई दलातले आहे. यंत्रणेचे नाव आणि तारखा सार्वजनिक नोंदींत आहेत, म्हणून दिल्या आहेत. त्यात काम केलेल्या माणसांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत. लष्करातले संगणक इतके जुने का असतात, हा प्रश्न अनेकदा कुतूहलाने आणि बऱ्याचदा चेष्टेने विचारला जातो. त्याचे उत्तर या एका उदाहरणात बरेचसे सापडते.

पार्श्वभूमी

'स्ट्रॅटेजिक ऑटोमेटेड कमांड अँड कंट्रोल सिस्टिम', म्हणजे 'सॅक्स', ही अमेरिकी हवाई दलाची संदेशयंत्रणा आहे. आंतरखंडीय क्षेपणास्त्रे, अण्वस्त्रवाहू बाँबफेकी विमाने आणि त्यांना हवेत इंधन देणारी विमाने यांच्या कामकाजाचा समन्वय तिच्यामार्फत होतो. वेळ आलीच, तर वरून सुटलेला आपत्कालीन आदेश खालच्या तुकड्यांपर्यंत पोचवणाऱ्या मार्गांपैकी ती एक आहे. नेब्रास्का राज्यातल्या ऑफट हवाई तळावरची एक दळणवळण तुकडी ती सांभाळते.

तिची मुळे १९६० च्या दशकातली. यंत्रसामग्री मध्ये एकदा बदलली आणि आयबीएमचे 'सिरीज/१' हे संगणक आले. १९७६ साली बाजारात आलेला हा १६ बिटांचा मिनी कॉम्प्युटर त्या काळी चांगला आणि भरवशाचा मानला जाई. माहिती साठवायला आणि एका यंत्रातून दुसऱ्यात न्यायला आठ इंची फ्लॉपी होत्या. आयबीएमने १९७१ मध्ये आणलेल्या अशा पहिल्या फ्लॉपीवर जेमतेम ८० किलोबाइट मावत. पुढच्या आवृत्त्यांत क्षमता वाढली, पण आजच्या एका साध्या छायाचित्रालाही ती पुरली नसती.

२०१४ मध्ये एका अमेरिकी दूरचित्रवाणी कार्यक्रमाने वायोमिंगमधल्या भूमिगत क्षेपणास्त्र नियंत्रण केंद्रात कॅमेरा नेला. तिथल्या तरुण अधिकाऱ्याच्या हातातली ती मोठी चौकोनी फ्लॉपी लोकांनी पाहिली आणि थट्टेला ऊत आला. त्याच कार्यक्रमात क्षेपणास्त्र दलाच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने सांगितले होते की, काही वर्षांपूर्वी संपूर्ण जाळ्याची तपासणी झाली आणि सायबर अभियंत्यांना ही यंत्रणा अत्यंत सुरक्षित आढळली. हे वाक्य फारसे कुणी लक्षात ठेवले नाही.

जुने इतकी वर्षे का टिकले

पहिले कारण कामाच्या स्वरूपात आहे. इथे चित्रे, नकाशे, ध्वनी असे काही पाठवायचे नसते. संदेश छोटे, ठरावीक साच्यातले, अक्षरांचे आणि आकड्यांचे. ते अचूक पोचले पाहिजेत, वेळेवर पोचले पाहिजेत, आणि जो संदेश कुणी पाठवलाच नाही तो कधीही उमटता कामा नये. यासाठी वेगवान प्रोसेसर लागत नाही. १९७६ चा संगणक हे काम पुरेशा वेगाने करतो. घरच्या संगणकाचा वेग दर काही वर्षांनी वाढत गेला तो आपल्या मागण्या वाढल्या म्हणून. इथे मागणी होती तिथेच राहिली.

दुसरे कारण माझ्या मते सर्वांत वजनाचे आहे. जे यंत्र ४० वर्षे चालले आहे, त्याचे सगळे रोग माहीत असतात. कोणता भाग तापतो, कोणती जोडणी सैल होते, कोणत्या क्रमाने बटणे दाबली तर पडदा अडकतो, हे तिथल्या माणसांना ठाऊक असते. नवे यंत्र कागदावर दसपट चांगले असेल. पण ते कशाने बिघडेल हे कुणालाच माहीत नसते. ते समजण्यासाठी आधी ते बिघडावे लागते, आणि अण्वस्त्रांच्या आदेशवहनात तशी संधी कुणी देऊ शकत नाही.

ही भीती पोकळ नाही. अमेरिकी-कॅनेडियन हवाई संरक्षण कमांड 'नोराड' हिच्या इतिहासात तिला आधार आहे. ९ नोव्हेंबर १९७९ रोजी सरावासाठी तयार केलेली माहिती चालू यंत्रणेत शिरली आणि पडद्यांवर सोव्हिएत संघाच्या प्रचंड हल्ल्याचे चित्र उमटले. लढाऊ विमाने आकाशात गेली. उपग्रह आणि रडार यांच्याकडून थेट खातरजमा केल्यावर हल्ला नसल्याचे कळले. त्यानंतर चाचण्यांसाठी मुख्य केंद्राबाहेर वेगळी सोय उभारण्यात आली.

पुढे ३ जून १९८० रोजी पुन्हा तसेच. संदेश पाठवणाऱ्या उपकरणातली एक चिप बिघडली. तिची किंमत ४६ सेंट. जोडणी चालू आहे ना हे पाहण्यासाठी नोराडकडून सतत चाचणी संदेश जात. त्यांचा साचा खऱ्या इशाऱ्याचाच असे, फक्त क्षेपणास्त्रांच्या संख्येच्या जागी शून्ये असत. बिघडलेली चिप त्या शून्यांच्या जागी मधूनच २ हा आकडा भरू लागली. पडद्यांवर क्षेपणास्त्रांची संख्या अचानक वाढली, पुन्हा शून्य झाली, पुन्हा वाढली. बाँबफेकी विमानांच्या चालकांनी इंजिने सुरूसुद्धा केली होती. नंतर संदेशांची रचना बदलली आणि चुका पकडणारी तपासणी वाढवली गेली.

या दोन्ही घटनांत प्रश्न संगणकाच्या वयाचा नव्हता. चूक रचनेत होती, आणि ती रचना खऱ्या कामात उतरेपर्यंत कुणाच्या लक्षात आली नव्हती. म्हणून अशा यंत्रणांचे अधिकारी 'चालतेय ना, मग हात लावू नका' म्हणतात, तेव्हा त्यात आळस थोडा असेलही, पण त्याहून जास्त असते ती आठवण.

तिसरे कारण अलगपणाचे. 'सॅक्स' इंटरनेटला जोडलेली नाही. तिला बाहेरून कुणी शोधेल असा पत्ताच नाही. १९७० च्या दशकातल्या यंत्रात घुसण्याची तयार हत्यारे आजच्या हल्लेखोरांकडे नसतात, हा भाग वेगळाच. या मुद्द्याकडे पुढे परत येईन, कारण तो अर्धाच खरा आहे.

बाकी कारणे सर्वच लष्करी संगणकांना लागू आहेत. बाजारातली साधी चिप शून्य ते ७० अंश सेल्सिअस तापमानात चालावी अशी बनवतात. लष्करी दर्जाच्या चिपला उणे ५५ ते १२५ अंश सोसावे लागते. जुन्या चिपमधले घटक आकाराने मोठे असतात, त्यामुळे किरणोत्साराचा एखादा कण आदळून त्यातला बिट, म्हणजे शून्य किंवा एक ही नोंद, उलटण्याची शक्यता कमी असते. अण्वस्त्रांशी निगडित प्रत्येक यंत्राला आणि सॉफ्टवेअरला हवाई दलाचे वेगळे प्रमाणपत्र लागते, आणि एक भाग बदलला की त्याच्याशी जोडलेल्या भागांची तपासणीही पुन्हा करावी लागते. शिवाय काळाचे गणित जुळत नाही. मिनिटमन-३ हे आंतरखंडीय क्षेपणास्त्र १९७० पासून तैनात आहे. बाजारातली एखादी चिप काही वर्षे विकली जाते आणि मग कारखाना ती बनवणे थांबवतो. शस्त्र पन्नास वर्षे राहते, तेव्हा त्याच्या संगणकाचे भाग केव्हातरी नामशेष होणारच.

अडचण नेमकी काय होती

मे २०१६ मध्ये अमेरिकी संसदेसाठी सरकारी खर्चाची तपासणी करणाऱ्या 'गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस'ने सरकारच्या जुन्या संगणकांवर अहवाल दिला. २०१५ च्या आर्थिक वर्षात संघराज्य सरकारने माहिती तंत्रज्ञानावर ८० अब्ज डॉलरहून अधिक खर्च केला होता आणि त्यातला सुमारे तीन चतुर्थांश आहे ते चालू ठेवण्यात गेला होता. सर्वांत जुन्या यंत्रणांच्या यादीत 'सॅक्स'चे वय ५३ वर्षे लिहिले होते, सोबत सिरीज/१ आणि आठ इंची फ्लॉपी यांचा उल्लेख. बातम्या साहजिकच फ्लॉपीच्या झाल्या.

पेंटागॉनच्या प्रवक्त्यांचे उत्तर छोटे होते: ही यंत्रणा अजून वापरात आहे, कारण ती अजून काम करते. मला हे उत्तर टाळाटाळीचे वाटत नाही. मात्र ते अपुरे आहे. यंत्रणा काम करते की नाही याइतकेच, ती आणखी किती काळ दुरुस्त करता येईल, हेही विचारायला हवे.

आणि खरी अडचण तिथेच होती. सुटे भाग मिळेनासे झाले होते. आजच्या यंत्रात सर्किट बोर्ड बिघडला तर तो काढून नवा बसवतात. इथे नवा बोर्ड कुठेच नव्हता. म्हणून ऑफटवरचे तंत्रज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली बोर्ड धरून तारा आणि बारीक जोडण्या सोल्डर करत बसत. एका दुरुस्तीला कधी काही तास, कधी काही दिवस. हे काम प्रामुख्याने अनेक वर्षांचा अनुभव असलेल्या नागरी कर्मचाऱ्यांच्या हातात होते, कारण गणवेशातली माणसे ठरावीक काळाने बदलीवर जातात. म्हणजे यंत्रणेचे आयुष्य शेवटी काही मोजक्या माणसांच्या हातांतल्या कसबावर टेकले होते. ही माणसे निवृत्त होणार, आणि सिरीज/१ शिकून बाहेर पडणारा नवा अभियंता जगात कुठेही नाही.

जुने यंत्र आपोआप सुरक्षित होत नाही याचाही दाखला हाताशी होता. २३ ऑक्टोबर २०१० रोजी वायोमिंगमधल्या एका हवाई तळावरच्या ५० मिनिटमन-३ क्षेपणास्त्रांशी नियंत्रण केंद्रांचा नेहमीचा संपर्क सुमारे तासभर बिघडला. चौकशीत दोष निघाला एका भूमिगत संगणकातल्या सर्किट कार्डाचा. ते आपल्या खाचेत नीट बसलेले नव्हते. ही घटना 'सॅक्स'मधली नव्हे, क्षेपणास्त्रांच्या नियंत्रण यंत्रणेतली. पण वय वाढलेल्या यंत्रात किती साधी गोष्ट किती मोठ्या पल्ल्याचा घोटाळा करू शकते, हे तिने दाखवले.

कोणत्या वाटा होत्या

असा पेच पडला की कोणत्याही लष्करी यंत्रणेपुढे साधारण चार वाटा असतात. प्रत्येक वाटेला लष्करात पूर्वी कुणीतरी चाललेले आहे, त्यामुळे तिचे खाचखळगे माहीत आहेत.

आहे तेच ठेवायचे आणि भागांचा साठा करून ठेवायचा, ही पहिली वाट. कारखाना एखादी चिप बंद करणार असे जाहीर करतो तेव्हा पुढच्या वीस-तीस वर्षांची गरज धरून एकदाच मोठी खरेदी करतात. वेळ गाठली तर हे उत्तम. वेळ चुकली की जुना बाजार धुंडाळावा लागतो. २००२ मध्ये नासाला अवकाश शटलच्या चाचणी उपकरणांसाठी इंटेलच्या ८०८६ चिप ईबेवर शोधाव्या लागल्या होत्या. लष्करासाठी हा बाजार त्याहून धोक्याचा आहे. अमेरिकी सिनेटच्या सशस्त्र दल समितीने २०१२ मध्ये दिलेल्या अहवालात लष्करी पुरवठ्यात शिरलेल्या संशयित बनावट इलेक्ट्रॉनिक भागांची सुमारे १,८०० प्रकरणे नोंदवली होती. त्यांतल्या भागांची संख्या दहा लाखांच्या वर होती. जुन्या टाकाऊ बोर्डांवरून काढलेल्या, घासून नवे छाप मारलेल्या चिप त्यात होत्या. अण्वस्त्रांच्या संदेशयंत्रात अशी चिप बसण्याची कल्पनाही नको.

दुसरी वाट म्हणजे नवे यंत्र आणायचे आणि त्याला जुन्यासारखे वागायला शिकवायचे. जुना प्रोग्राम जसाच्या तसा चालतो आणि त्याला खाली नवे यंत्र आहे हे कळतही नाही. हे आकर्षक वाटते. पण जुन्या प्रोग्रामांत कालमापनाबद्दलची गृहीतके दडलेली असतात: अमुक काम इतक्या वेळात होतेच, म्हणून पुढची पायरी लगेच घ्यावी. नवे यंत्र तेच काम क्षणार्धात उरकते आणि क्रम बिघडतो. अशा चुका रोज दिसत नाहीत, गर्दीच्या वेळी वर येतात. अण्वस्त्रांच्या यंत्रणेत गर्दीची वेळ म्हणजे काय, हे सांगायला नको.

तिसरी, सगळे मोडून नवे बांधायचे. इथे अमेरिकी नौदलाची 'यॉर्कटाउन' ही क्रूझर जातीची युद्धनौका आठवते. बाजारातले संगणक आणि विंडोज एनटी वापरून कमी माणसांत जहाज चालवण्याचा प्रयोग तिच्यावर सुरू होता. सप्टेंबर १९९७ मध्ये व्हर्जिनियाच्या किनाऱ्याजवळ एका रकान्यात शून्य भरले गेले, प्रोग्रामने शून्याने भागायचा प्रयत्न केला, बिघाड जाळ्यातून पसरला आणि इंजिने थांबली. जहाज सुमारे पावणेतीन तास समुद्रात निश्चल होते. दोष विंडोजचा की त्यावर लिहिलेल्या प्रोग्रामचा, यावर पुढे बराच वाद झाला. माझ्या दृष्टीने तो वाद दुय्यम आहे. एका रकान्यातला चुकीचा आकडा जहाजाच्या इंजिनापर्यंत पोचू शकतो, ही रचनाच खरी चूक होती, आणि ती जहाज समुद्रात असताना उघड झाली.

चौथी वाट मधली. यंत्रणेचे तुकडे पाडायचे, सर्वांत लवकर मरणारा तुकडा ओळखायचा आणि फक्त तोच बदलायचा. बाकीच्यांना बदल झाल्याचे कळूही नये अशी सांध्यांची मापे जुळवायची.

काय केले

हवाई दलाने चौथी वाट धरली आणि तिसरी दूरच्या मुक्कामासाठी राखून ठेवली. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या योजनेत माहिती साठवण्याची साधने, जोडण्या वाढवणारे प्रोसेसर, टेबलावरची आणि हलवता येण्याजोगी टर्मिनले २०१७ च्या आर्थिक वर्षाअखेर बदलायची होती. फ्लॉपीच्या जागी एसडी कार्डच्या जातीची साधने येतील असे सांगितले गेले. संपूर्ण यंत्रणा बदलायला अधिक वेळ लागेल, हेही तेव्हाच स्पष्ट केले होते.

फ्लॉपीपासून सुरुवात का? माझ्या मते त्याचे उत्तर यंत्राच्या शरीररचनेत आहे. फ्लॉपी ड्राइव्हमध्ये फिरणारी मोटर असते, सरकणारे डोके असते, आणि ते डोके चकतीला प्रत्यक्ष घासते. चकतीवरचा चुंबकीय थर झिजतो, धूळ बसते, पट्टे ढिले होतात. संगणकाच्या हलत्या भागांना सर्वांत आधी म्हातारपण येते. त्याच वेळी साठवण हा असा भाग आहे की त्याचा बाकी यंत्रणेशी बोलण्याचा दरवाजा अरुंद आणि नीट आखलेला असतो: अमुक जागेची माहिती दे, अमुक जागी ही लिही. तेवढा संवाद हुबेहूब राखला तर मागे चकती आहे की चिप, याने प्रोग्रामला फरक पडत नाही. सर्वांत कमी धोक्यात सर्वांत दुखरा भाग सुटतो. निवड चांगली होती.

या टप्प्यावरचा एक प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि फ्लॉपीच्या चेष्टेत त्याची चर्चाच झाली नाही. आठ इंची फ्लॉपी म्हणजे नुसती चुंबकीय चकती आणि तिचे पाकीट. तिच्यात विचार करणारे काहीही नाही. एसडी कार्डच्या आत मात्र एक छोटा प्रोसेसर असतो आणि त्याचा स्वतःचा प्रोग्राम असतो. माहिती कुठे लिहायची, खराब जागा कशा टाळायच्या, हे तो ठरवतो. म्हणजे फ्लॉपी काढून साठवण चिप बसवली की यंत्रणेत एक नवा संगणक शिरतो, आणि तो कुणी, कुठे, कसा बनवला, हा नवा प्रश्न उभा राहतो.

अमेरिकी लष्कराला याचा चटका बसलेला होता. २००८ मध्ये एका यूएसबी ड्राइव्हवरून आलेला हानिकारक प्रोग्राम त्यांच्या गोपनीय जाळ्यांतही पसरला आणि त्या वर्षी नोव्हेंबरात पेंटागॉनने अशी काढघाल करता येणारी साधने वापरायला बंदी घातली. इराणच्या नतान्झ इथल्या युरेनियम समृद्धीकरण केंद्रात शिरलेला आणि २०१० मध्ये उघडकीस आलेला स्टक्सनेट हा हानिकारक प्रोग्रामही इंटरनेटपासून तोडलेल्या यंत्रांना गाठण्यासाठीच लिहिलेला होता. इंटरनेटवर पत्ता नसलेल्या यंत्रात घुसता येत नाही, हा युक्तिवाद म्हणून अर्धाच खरा. जिथे माणूस हाताने माहिती नेतो, तिथे त्याचा हात हीच वाट असते. फ्लॉपीही त्याच वाटेने ये-जा करत होती. तिचे भाग्य एवढेच की तिच्यात काही लपवायला जागा जवळजवळ नव्हती.

बदल पूर्ण झाल्याचे कळले ते ऑक्टोबर २०१९ मध्ये. त्या वर्षी जूनमध्ये फ्लॉपी हटल्या होत्या आणि त्यांच्या जागी 'अतिशय सुरक्षित घनस्थिती डिजिटल साठवण', म्हणजे हलते भाग नसलेली चिपवरची साठवण, आली होती. २०१६ च्या जाहीर मुदतीपेक्षा सुमारे दीड-दोन वर्षे अधिक लागली. साठवणीचा एक भाग बदलायला एवढा वेळ, हे ऐकून बाहेरच्याला नवल वाटते. वर सांगितलेला शिरकावाचा प्रश्न आणि प्रमाणपत्राच्या पायऱ्या विचारात घेतल्या, तर मला तो उशीर क्षम्य वाटतो. या कामात मुदत पाळण्यासाठी चाचणी आखडती घेतली असती, तर ते अधिक वाईट ठरले असते.

निष्पत्ती

यंत्रणा सुरू राहिली. संदेशवहनाचा गाभा तोच ठेवला. अलगपणाही तसाच ठेवला. ती आजच्या जाळ्यांना जोडली नाही. यंत्रणेचा वेग आणि जोडणी काही प्रमाणात सुधारली.

एक गोष्ट मला विशेष आवडली. यंत्रे जुनी असली तरी त्यांवरचे सॉफ्टवेअर गोठवून ठेवलेले नव्हते. ऑफटवर हवाई दलाचे तरुण प्रोग्रामर ते सतत ताजे ठेवत होते आणि तिथेच प्रोग्रामिंगचे शिक्षण घेत होते. एकीकडे सूक्ष्मदर्शकाखाली तारा जोडणारे मुरलेले तंत्रज्ञ, दुसरीकडे नव्या पद्धतीने प्रोग्राम लिहिणारी मुले, आणि मध्ये १९७६ च्या घराण्याचा संगणक. 'जुने तंत्रज्ञान' म्हणून बाहेरून जे एकसंध दिसते, ते आतून अनेक वयांचे असते. जे धोक्याशिवाय बदलता येते ते बदलत राहते. जे बदलले की सगळे पुन्हा तपासावे लागते ते तसेच राहते.

सुट्या भागांचा प्रश्न मात्र फ्लॉपी गेल्याने सुटला नाही. चुंबकीय चकतीची झीज थांबली. बोर्डांचे वय वाढतच आहे.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी चूक २०१६ च्या कितीतरी आधीची आहे. आठ इंची फ्लॉपीचा बाजार १९८० च्या दशकातच उतरणीला लागला. पाठोपाठ लहान फ्लॉपी आल्या आणि त्याही गेल्या. ड्राइव्ह बदलायचा निर्णय त्याच जातीचे नवे ड्राइव्ह बाजारात मिळत होते तेव्हा झाला असता, तर निवांतपणे, दोन्ही शेजारी चालवून, तुलना करून बदल करता आला असता. भाग संपल्यावर बदलायला घेतले की बदलाला परतीची वाट राहत नाही. परतीची वाट नसलेला बदल लष्करी यंत्रणेत शक्यतो करूच नये, असे माझे ठाम मत आहे.

दुसरे, दुरुस्तीचे ज्ञान. ते माणसांच्या हातांत होते आणि हात निवृत्त होतात. प्रत्येक दुरुस्तीची नोंद, बोर्डाची छायाचित्रे, मोजमापे, 'हा दोष असा दिसतो आणि इथे असतो' असे टिपण, हे सगळे दुरुस्तीइतकेच महत्त्वाचे काम मानायला हवे. त्यासाठी वेगळा माणूस आणि वेगळा वेळ द्यावा लागतो. तंत्रज्ञाने सोल्डरिंग आटोपून उरलेल्या वेळात लिहावे अशी अपेक्षा ठेवली तर लिहिले जात नाही.

तिसरे, 'काम करते' याची व्याख्या. एखाद्या जुन्या यंत्रणेबद्दल निर्णय घेताना तीन आकडे समोर असायला हवेत: गेल्या काही वर्षांत ती किती वेळा बंद पडली, प्रत्येक दुरुस्तीला किती वेळ लागला, आणि ती दुरुस्ती करू शकणारी किती माणसे उरली आहेत. पहिला आकडा चांगला आणि दुसरा-तिसरा बिघडत चाललेला असेल, तर यंत्रणा आज भरवशाची आहे आणि तिला बदलण्याची वेळही आलेली आहे. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. भोवतालची चर्चा मात्र दोन टोकांत अडकली: एक म्हणे हे लाजिरवाणे आहे, दुसरा म्हणे हे अभेद्य आहे.

चौथा मुद्दा पुढच्या यंत्रणांचा. साठवण, पडदा, जोडणी आणि गणन यांच्यातले सांधे पहिल्या दिवसापासून स्वतंत्र आणि लेखी ठेवले तर प्रत्येक तुकडा आपापल्या वेगाने म्हातारा होऊ शकतो आणि आपापल्या वेळी बदलता येतो. लष्करी विमानांत १९७३ पासून वापरात असलेले 'मिल-स्टँडर्ड-१५५३' हे माहितीवहनाचे मानक याचे चांगले उदाहरण आहे. त्याचा वेग सेकंदाला एक मेगाबिट, आजच्या मानाने अगदी कमी. पण दोन समांतर वाहिन्या, ठरावीक वेळी ठरावीक उपकरणाने बोलायची शिस्त आणि सर्वांना माहीत असलेली मापे, यांमुळे दोन्ही टोकांची उपकरणे कितीदा बदलली तरी वाहिनी तीच राहिली.

हे सगळे आता का महत्त्वाचे, ते आकड्यांतच दिसते. मिनिटमनची जागा घेणाऱ्या 'सेंटिनेल' क्षेपणास्त्राचा खर्च मूळ अंदाजापेक्षा ८१ टक्क्यांनी वाढून सुमारे १४१ अब्ज डॉलरवर गेल्याचे जुलै २०२४ मध्ये जाहीर झाले, आणि वेळापत्रकही अनेक वर्षांनी पुढे सरकले. त्या वाढीचा मोठा वाटा क्षेपणास्त्राचा नव्हता. तो जमिनीवरच्या नियंत्रण आणि प्रक्षेपण व्यवस्थेचा होता. नवे येईपर्यंत मिनिटमन तैनात राहणार, आणि तिच्याबरोबर तिला आदेश पोचवणारी जुनी यंत्रेही. ऑफटवरच्या त्या तंत्रज्ञांच्या हाताखाली आज शिकाऊ माणसे बसवली, तर त्यांना पुरेसे शिकायला आणखी काही वर्षे लागतील, आणि तेवढी वर्षे ती यंत्रे चालतच राहायची आहेत.